ऋणमोचनाचा घाट

 

मायबापहो, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं आख्यान तुम्ही कितीदा तरी ऐकलं असेल. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडू लागली, आणि पंतांनी बादशहाची धान्याची कोठारं गोरगरिबांना मोकळी करून दिली. राजाचं देणं पंतांच्या माथी आलं. मग पंढरीचा राणा विठू महाराचं रूप घेऊन बेदरला गेला, देणं चुकतं केलं आणि पावती घेऊन आला. हे आख्यान लागलं की मंडपातल्या आयाबाया पदर डोळ्याला लावतात. लावावाच. भक्ताचं ऋण देवानं फेडलं, याहून गोड कथा कोणती?

पण आज मी तुम्हाला वेगळंच विचारणार आहे. ज्या गावाला दामाजी मिळाला नाही, त्या गावानं काय केलं? आपल्या वऱ्हाडात, या अमरावती-अकोल्याच्या मुलखात, दुष्काळ काय एकदाच पडला? कोठार उघडणारा पंत काही प्रत्येक गावाच्या नशिबी नव्हता. तरी गावं उभी राहिली, चुली पेटत राहिल्या, एकादशीचा टाळ थांबला नाही. हे कुणी केलं? ज्यांनी केलं त्यांची नावं कुठल्या पोथीत नाहीत. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्या, आजे-पणजे ते. आजचं निरूपण त्यांचं. आणि आख्यान आपल्याच मातीतल्या एका परटाच्या पोराचं, ज्याला पुढं सगळा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणाला. दोन्हींना बांधणारा शब्द एकच आहे: ऋण. तेवढा शब्द धरून ठेवा, म्हणजे वाट चुकणार नाही.

आधी मुलूख बघा. कौंडिण्यपूर आपल्या अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. ते रुक्मिणीमातेचं माहेर. म्हणजे पंढरीची आई ही वऱ्हाडची लेक. आणि आपली दुसरी माय पूर्णा. सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा करत पश्चिमेला जाते आणि मुक्ताईच्या मुलखात, चांगदेवाच्या देवळाजवळ, तापीला मिळते. दोन्ही अंगांनी काळीभोर जमीन. कापूस, ज्वारी, तूर, मूग. बाहेरचा पाहुणा बघतो नि म्हणतो, काय भाग्यवान लोक!

त्या जमिनीच्या पोटात काय आहे, ते तिथं विहीर खणणाऱ्याला विचारा. पाणी लागतं, पण तोंडात घेववत नाही. खारट! याला आपण खारपाण पट्टा म्हणतो. पूर्णेच्या खोऱ्यात साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून जास्त मुलूख असा आहे. ते पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण होते; पावसात चिखल, उन्हाळ्यात दगड. पायाखाली पाणी आणि घशाला कोरड. समुद्रकाठच्या माणसाची ही गत समजू शकते. आपल्याला समुद्र दिसायला शेकडो कोस जावं लागतं!

मग माणूस रडत बसला का? नाही बाप्पा. आपल्या बायांनी नदीच्या वाळूत झिरे खणले. हात-दोन हात वाळू उपसायची, तळाशी गोडं पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. घागर भरेपर्यंत एक हरिपाठ म्हणून व्हायचा. खाऱ्या पाण्यात लुगडी धुवायची, गोडं पाणी पिण्यापुरतं राखायचं. पावसाळ्यात वळचणीला भांडी मांडायची, गावतळ्याच्या पाळीवर माती टाकायची. आणि शेतात? ओलिताचा नादच सोडला. पावसाची ओल काळ्या मातीत राखायची, वखराच्या पाळ्या देऊन ती झाकायची, आणि त्या ओलीवर रब्बीचा हरभरा नि बन्सी गहू काढायचा. एकट्या कपाशीच्या भरवशावर राहायचं नाही. पऱ्हाटीच्या तासांमध्ये तूर, ज्वारी, मूग घालायचा. एक गेलं तर दुसरं हाती राहतं. ही विद्या बापानं पोराला तिफणीमागं चालता चालता दिली.

श्रीगजानन महाराजांच्या पोथीतला अकोलीचा प्रसंग तुम्हाला पाठ आहे. भर उन्हात महाराज भास्कर पाटलाच्या शेतात आले, पाणी मागितलं, आणि भास्करानं नाही म्हटलं. मग कोरड्या विहिरीला पाणी आलं. आपण विहीर लक्षात ठेवतो. मी म्हणतो, भास्कराची घागरही लक्षात ठेवा. ते पाणी त्यानं लांबून वाहून आणलं होतं. दिवसभर राबायचं, आणि प्यायला तेवढंच. तो काही जन्माचा दुष्ट नव्हता. टंचाईनं त्याचं मन आखडलं होतं. टंचाई हे दोन प्रकारे करते, मायबापहो. कुणाचं मन आखडतं, कुणाचं उघडतं. त्या घागरीचं मोल ज्याला कळलं, त्याला वऱ्हाड कळलं.

आता या पाण्याच्या टंचाईवर पैशाची टंचाई कशी बसली ते ऐका. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ साली तिकडं अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, ती चार वर्षं चालली. अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. झालं! इंग्रजाचं लक्ष आपल्या कपाशीकडं वळलं. भाव चढले. त्याच सुमाराला मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. कापसाच्या बंड्या रात्रंदिवस चालू लागल्या. पैसा खुळखुळला. पण लढाई संपली आणि भाव उतरले. भाव उतरले तरी रोखीची गरज उतरत नाही. सारा रोखीत, बैल रोखीत, लग्न रोखीत. रोख कुणाजवळ? सावकाराजवळ.

पूर्वी आपल्याकडं ज्वारीचं पेव असायचं. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, तोंड मातीनं लिंपलेलं. एक वर्ष पाऊस रुसला तर पेव उघडायचं आणि वर्ष काढायचं. आता ज्वारीच्या रानात कपाशी आली, आणि जी ज्वारी पिकली ती भाव असेल तिकडं आगगाडीनं जाऊ लागली. गाडी धान्य आणते, तशी नेतेही. पेव रिकामं झालं आणि सावकाराची वही भरली.

पुणे-नगरकडं १८७५ साली कुणबी उठला, त्यानं सावकारांचे दस्तऐवज जाळले. सरकारला जाग आली, १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पण तो तिकडच्या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच. आपल्या माणसाच्या बाजूला ना कायदा, ना कोठार.

अशात १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून मान वर काढतो न काढतो तोच १८९९-१९०० चा. संवत १९५६ होता, म्हणून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. पाठीमागून पटकी आली. आकडे ऐका. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडात २८,९७,४९१ माणसं मोजली. १९०१ साली मोजली तेव्हा २७,५४,०१६. दहा वर्षांत वाढायची ती संख्या जवळजवळ दीड लाखानं घटली. कुणी भुकेनं गेलं, कुणी पटकीनं, कुणी मुलूख सोडून गेलं, आणि कितीतरी लेकरं जन्मालाच आली नाहीत. कीर्तनात आकडा सांगू नये म्हणतात, रसभंग होतो. पण त्या प्रत्येक आकड्यामागं एक आई होती, म्हणून सांगितला.

आता साडेसत्तावीस लाख जे उरले, ते कसे उरले? सरकारनं कामं काढली होती. खडी फोडायची, रस्त्याला माती टाकायची, तळी खणायची, आणि त्या मजुरीवर पोट भरायचं. ते एक. पण कामावर जाता येत नव्हतं असे म्हातारे, बाळंतिणी, लेकरं गावातच होती. त्यांच्यासाठी बायांनी रान धुंडाळलं. तरोट्याची कोवळी पानं, घोळ, अंबाडी. ज्वारी दळली तर भाकर होते, पण भाकरीला दाणे फार लागतात. म्हणून जाडसर भरडून कण्या करायच्या, पाणी वाढवून आंबील करायची. मूठभर ज्वारीत घर जेवतं. मेळघाटात आपले कोरकू बांधव मोहाची फुलं वाळवून ठेवत, कंद ओळखत. ज्याला आपण रानटी म्हणून हिणवत होतो, त्याच्याजवळ भुकेवरची विद्या जास्त होती.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लावलं. शेजारीण दारात यायची. म्हणायची, "बाई, दोन भाकरीचं पीठ दे वं. दाणे आले का देतो." घरात कमीच असायचं, तरी देणारी वाटी भरून, बोटानं सपाट करून द्यायची. आणि फेडणारी कशी फेडायची? शीग लावून! घेतली सपाट, दिली शिगेची. कुणी मागितली होती का शीग? वहीत लिहिली होती का? नाही. सावकाराकडून मापभर घ्या, व्याजाचं माप तो धरणार आणि शीग काढून घेणार. इथं शीग मनानं द्यायची. सगळा फरक त्या शिगेत आहे, मायबापहो.

पिठासारखंच विस्तवाचं. ज्याची चूल पेटली त्याच्याकडून निखारा न्यायचा. पिठासारखंच बैलाचं. दुष्काळात एक बैल मेला, एकच उरला. शेजाऱ्याचाही एकच उरला. दोघांनी सावड केली, एक जोडी झाली, आज तुझं वावर, उद्या माझं. एखादीचा धनी गेला, पेरणी तोंडावर. मग गावानं इर्जीक घालायची. दहा-बारा वखर एकाच सकाळी तिच्या शेतात. मजुरी काय? एक जेवण. ज्वारीची भाकर नि तुरीचं वरण. सूर्य मावळायच्या आत तिचं रान तयार.

म्हणून म्हणतो, ऋणं दोन आहेत. एक वहीत लिहितात, दुसरं मनात. वहीतलं ऋण माणसाला एकटं पाडतं. तो पारावर बसत नाही, वाट बदलून जातो, आपलीच माणसं चुकवतो. मनातलं ऋण माणसाला माणसाशी बांधतं. तो उलट शेजाऱ्याच्या दारी जातो, कारण त्याला काहीतरी परत द्यायचं आहे. आपल्या पूर्वजांना पहिल्या ऋणानं बुडवलं आणि दुसऱ्यानं तारलं.

आपल्या तुकोबारायांना हे दोन्ही ठाऊक होतं. १६३० च्या आगेमागे मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची थोरली बायको अन्न अन्न करत गेली. घर सावकारीचं होतं, लोकांकडून येणं होतं, खतपत्रं घरात होती. आणि तुकोबांनी काय केलं? धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. ज्या घरानं भूक पाहिली, त्यानं दुसऱ्याच्या भुकेवरचं येणं बुडवून टाकलं. हे ऋणमोचन! अभंग नंतर तरले. खतं आधी बुडाली.

इथं मात्र एक कडू घास घ्यावा लागतो. व्यासपीठावर बसून गावाचं नुसतं कौतुक करून चालत नाही. ही उसनवारी, ही सावड, ही इर्जीक गावभर होती का? नव्हती. गावकुसाशी येऊन थांबत होती. दुष्काळात ज्याच्या घशाला जास्त कोरड, त्यालाच गोड्या पाण्याच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. बाई घागर घेऊन दूर उभी राहायची, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. देव विठू महार होऊन दामाजीचं देणं फेडायला गेला, हे आपण गातो, आणि त्याच महाराच्या लेकीला पाणी द्यायला हात आखडतो! म्हणून म्हणतो, नुसती चांगली मनं पुरत नाहीत. कुणीतरी कुंपण मोडणारा लागतो.

तो आपल्याला मिळाला. आता आख्यान.

बोला विठ्ठल विठ्ठल!

अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. २३ फेब्रुवारी १८७६. झिंगराजी नि सखुबाई या परीट जोडप्याच्या पोटी मुलगा झाला. नाव डेबू. झिंगराजीला दारूचं व्यसन लागलं. त्यात घर गेलं, शेवटी तोही गेला. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथं मामाची शेती, आणि डेबू मामाच्या मागं मागं गुरं राखू लागला, पुढं नांगर धरू लागला.

मामाचं काय झालं? तेच, जे वऱ्हाडात घरोघरी चाललं होतं. सावकाराचं कर्ज. मामा भोळा. दरवर्षी पैसे नेऊन द्यायचा, पावती घ्यायचा नाही. विश्वासाचा माणूस, पावती कशाला? आणि एक दिवस सावकारानं वही उघडली. सगळं देणं जसंच्या तसं! जमीन चालली. त्या धक्क्यानं मामा खचला आणि गेला. बघा, दामाजीपंतांसाठी देवानं पावती आणली. चंद्रभान मामाला कुणी आणून दिली नाही. पण भाचा दबला नाही. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूनं नांगराचा रुमणा सोडला नाही, शेतात पाय रोवून उभा राहिला. छप्पनच्या दुष्काळात तो तेवीस-चोवीस वर्षांचा, बायको कुंताबाई, लेकरंबाळं. त्यानं दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या: दारूनं बाप खाल्ला, कर्जानं मामा खाल्ला.

म्हणून मुलीच्या बारशाला त्यानं काय केलं? जातीचा रिवाज होता, बोकड नि दारू पाहिजे. नसेल तर कर्ज काढून करा. डेबूनं गोडाचं जेवण केलं. पाहुणे रुसले, जात नाराज झाली. तो म्हणाला असेल, रुसणारे दोन दिवस रुसतील, सावकार जन्मभर रुसत नाही, तो घरात येऊन बसतो! चार लोकांत आपली शोभा व्हावी म्हणून काढलेलं कर्ज हे दुष्काळाहून वाईट, हे त्याला कळलं होतं. दुष्काळ देव आणतो म्हणू. हे आपण आवतण देऊन आणतो.

१ फेब्रुवारी १९०५. मध्यरात्री डेबूनं घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी, एक फुटकं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, ऊन लागलं तर डोक्यावर पालथं घालायचं. पुढं हातात खराटा आला. गावात शिरायचा नि आधी गाव झाडायचा. कुणाच्या दारी भाकर मागण्याआधी लाकडं फोडायचा, अंगण झाडायचा. काम केल्याशिवाय घास घेत नसे. का? उपकार मनावर राहू द्यायचा, पण ओझं अंगावर राहू द्यायचं नाही. घेतली सपाट वाटी, फेडली शिगेची! दापुऱ्याच्या बायांचा तो धडा डेबूनं जन्मभर गिरवला.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं क्षेत्र आहे. मुद्गलेश्वराचं स्थान. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नावच ऋणमोचन, म्हणजे इथं स्नान केलं की ऋणातून सुटका. कर्जानं गांजलेल्या वऱ्हाडला याहून मोठं आश्वासन कोणतं? लोक लोटायचे. पण काठ कसा? काळ्या चोपण मातीचा. ओला झाला की साबणासारखा. म्हातारी माणसं घसरून पडायची, लेकुरवाळ्या बायांची घागर फुटायची. ऋण फेडायला यावं आणि हातपाय मोडून जावं! वर्षानुवर्षं लोक पडत होते, उठत होते, आणि म्हणत होते, देवाची मर्जी.

डेबू आला, त्यानं पाहिलं, आणि कुदळ-फावडं घेतलं. पूर्णेत डुबकी मारून पुण्य घेण्याआधी तो काठ खणू लागला. उताराला पायऱ्यांचा आकार देऊ लागला. आधी लोक हसले असतील, वेडा आहे म्हणाले असतील. मग एकानं टोपलं उचललं. मग दुसऱ्यानं दगड आणला. १९०८ च्या सुमारास तिथं घाट उभा राहू लागला. डेबूचं हे पहिलं बांधकाम. कुणा राजाची देणगी नाही, कुणा पंताचं कोठार नाही. भाकरीवर राबणाऱ्या माणसांचा घाट. गावाच्या इर्जिकीचा दगडी अवतार म्हणा ना! एका बाईच्या शेतावर जे गाव जमायचं, ते आता हजारो वाटसरूंसाठी जमलं.

आणि घाटावर कुंपण घालता येत नाही, मायबापहो. दगडाची पायरी कुणाची जात विचारत नाही. इथं ती गावकुसाची भिंत पहिल्यांदा खचली.

पुढं बाबा थांबले नाहीत. १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा. ज्यांना चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर झोपावं लागे, त्यांना छप्पर. ही वास्तू पुढं त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा, विद्यालय. ठिकठिकाणी सदावर्तं, वसतिगृहं. सगळा पैसा लोकांनी दिलेला. बाबा खापरातच जेवत राहिले. कीर्तनात विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज काढू नका, सण कर्जानं करू नका, पोराला शाळेत घाला, मुक्या जिवाला मारू नका. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. चौदा दिवस आधी बाबासाहेब गेले होते. पेढी हीसुद्धा पूर्णेलाच मिळणारी. पूर्णाकाठचा पोर पूर्णेच्याच लेकीजवळ निजला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे जुनं झालं. तर थोडं अलीकडं या. सावकारीला वेसण घालायला १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा झाला. त्यासाठी जोर लावला तो अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याच्या मुलानं, पंजाबराव देशमुखांनी. मनातलं ऋण गावानं सांभाळलं, वहीतल्या ऋणाला कायद्यानं लगाम घातला. दोन्ही लागतात. एका चाकावर बंडी चालत नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. तो मी पाहिला आहे. अकरा-बारा वर्षांचा होतो. आई रोज खडी फोडायला जायची. तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकर घशाखाली उतरायची नाही. आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची. आईच्या हातांना घट्टे पडले होते, आणि त्याच हातांनी ती संध्याकाळी शेजारच्या आजारी म्हातारीला कण्या नेऊन द्यायची. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीच नाही. तिची आई तसंच करायची. त्याच दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी देशाला दाखवली. वि. स. पागे यांची ती कल्पना, मुख्यमंत्री होते आपल्या विदर्भाच्या पुसदचे वसंतराव नाईक. १९७७ साली तिचा कायदा झाला: मागेल त्याला काम, हा हक्क. छप्पनच्या दुष्काळात जी खडी सरकारच्या मेहेरबानीवर फोडली, ती आता हक्कानं फोडायची. पुढं देशानं तोच धडा घेतला. वऱ्हाडच्या, मराठवाड्याच्या, सगळ्या दुष्काळी मुलखातल्या बायांच्या घट्ट्यांतून तो कायदा उगवला आहे.

आता शेवटचं, आणि जिवाचं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा जिल्ह्यांत काय झालं, ते मी सांगायला नको. २००६ साली पंतप्रधानांनी याच सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, इतकं ते दुःख दिल्लीपर्यंत पोचलं. छप्पनच्या दुष्काळाहून आज पीक जास्त आहे, दवाखाना जवळ आहे, रस्ता डांबरी आहे. तरी माणूस का हरतो? माझ्या अल्प बुद्धीला दिसतं ते सांगतो. वहीतलं ऋण राहिलं, मनातलं आटलं. पीठ उसनं मागायची लाज वाटते, पण बियाण्याला, लग्नाला, मोटारसायकलीला कर्ज काढायची लाज वाटत नाही. सावड गेली, ट्रॅक्टर भाड्यानं आला. ट्रॅक्टर वाईट नाही हो! पण ट्रॅक्टरवाला विचारत नाही, भाऊ, तू दोन दिवस जेवला का? सावडीचा गडी विचारायचा.

म्हणून या सप्ताहातून घरी जाताना प्रसाद काय न्यायचा, तो ऐका. तुमच्या गावात कुणीतरी असा असेल जो पारावर यायचा बंद झाला आहे. काकड्याला दिसत नाही, वाट बदलून जातो. तुम्ही ओळखता त्याला. आता मनात त्याचं नाव आलं ना? त्याच्या घरी जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि उपदेश घेऊनही जाऊ नका. सांगा, "भाऊ, उद्या तुझ्या वावरात आमचे चार वखर येतात, भाकर तुझी." त्याला घेऊ द्या, आणि उद्या त्याला फेडूही द्या. देणाऱ्यानं फेडू दिलं नाही, तर घेणाऱ्याची मान वर होत नाही. त्याचे बँकेचे, सावकाराचे कागद असतील तर ज्याला वाचता येतात असा गावातला शिकलेला पोरगा सोबत घ्या. पावती घ्यायला शिकवा. चंद्रभान मामाची पावती राहिली, आणखी कुणाची राहू नये.

आणि ऋणमोचनाला पौषात जाल, तेव्हा घाटावर उतरताना पायाकडं बघा. ज्या पायरीवर तुम्ही निर्धास्त उभे आहात, ती कुणीतरी भाकरीच्या मोबदल्यात बसवली आहे. त्यांची नावं तिथं कोरलेली नाहीत. ते ऋण तुमच्या वहीत नाही, म्हणून ते फिटलं असं समजू नका. पूर्णेत डुबकी मारून ते जात नाही. पुढच्या माणसासाठी एक पायरी खणली, की त्यातली एक शीग फिटते.

सज्जनहो, सेवा इथंच थांबवतो. चुकलं-माकलं पांडुरंग सांभाळेल. ज्यांनी दुष्काळात कण्यांची आंबील वाटून खाल्ली, त्या सर्व माउल्यांच्या नावानं एकदा मोठ्यानं बोला,

पुंडलिकवरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!